मदत हवी आहे: सणाला वाटायला घरचा खाऊ, कमी खर्चात (लवकर सांगा!)

धांदल
सणाला ऑफिसात आणि नातेवाइकांत वाटायला घरी काहीतरी करायचंय. तीसेक पाकिटं होतील. चॉकलेट वितळवून त्यात बदाम-अक्रोड घालून थापलं, तुकडे केले, दिसायलाही छान झाले होते. सकाळी बघते तर वर पांढरट डाग! सासूबाई म्हणतात बुरशी आली. सगळं टाकून द्यायचं का? आणि दुसरं काय करता येईल? स्वस्त हवं. ‘सरळ विकत आणा’ हा सल्ला घरात मिळून झालाय, तो नको.

चिमूटभर
ओव्हन आहे का? द्यायचं कधी? हातात देणार की पाठवणार? चॉकलेट कुठलं, साधं की कंपाउंड? एवढं कळलं तर काही सांगता येईल.

रिकामटेकडा
एका रात्रीत चॉकलेटवर बुरशी येत नाही, वाढायला तिला पाणी लागतं. फ्रिजमध्ये ठेवलं होतं का?

धांदल
अर्थात फ्रिजमध्ये. नाहीतर घट्ट कसं होणार?

रिकामटेकडा
मग डागावर कोरडं बोट हलकं फिरवून बघा. तुपकट लागून पुसला गेला तर कोको बटर (चॉकलेटमधलं फॅट) वर आलंय. खरखरीत लागला तर फ्रिजमधून काढल्यावर दव धरलं, त्यात साखर विरघळली आणि वाळून वर बसली. दोन्ही खायला चालतं, फक्त दिसतं वाईट.

धांदल
पुसला जातोय. तुपकट आहे.

रिकामटेकडा
म्हणजे टेम्परिंग (चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन मग घट्ट करणं) झालेलं नाही. कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारचे होतात, त्यातला पाचवा आपल्याला हवा असतो. चमक आणि ‘कट्’ आवाज त्याचाच. डार्क चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवा, २७-२८ ला आणा, मग ३१-३२ ला नेऊन थापा. मिल्क चॉकलेट शेवटी अंश-दोन अंश कमी.

मीठमिरची
तीस पाकिटांसाठी कोण थर्मामीटर घेऊन बसणार! कंपाउंड आणा. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती फॅट असतं, टेम्परिंगची भानगडच नाही. स्वस्त पण.

रिकामटेकडा
आणि मेणबत्ती चावल्यासारखं लागतं. घरी एवढं राबून शेवटी ते द्यायचं?

मीठमिरची
आमच्याकडे तर डबा लगेच रिकामा होतो. सगळ्यांची जीभ तुमच्याइतकी शिकलेली नसते काका.

हौसमौज
पाकिटांना सुतळी बांधा, खाली वाळलेलं पान लावा. खूप सुंदर दिसतं. फक्त खाऊ छापील कागदात गुंडाळू नका, शाई उतरते.

चिमूटभर
माझे प्रश्न अजून तसेच आहेत.

धांदल
सॉरी सॉरी. ओव्हन नाही, मायक्रोवेव्ह आहे. थर्मामीटर नाही. शनिवारी द्यायचंय. अर्धी पाकिटं कुरियरने जातील. हो, आणि नणंदेच्या मुलाला दाण्याबदामाची अ‍ॅलर्जी आहे, त्यांचं एक पाकीट वेगळं करावं लागेल बहुतेक.

चिमूटभर
अगं, हे सगळ्यात आधी सांगायचं! नुसतं पाकीट वेगळं करून भागत नाही. त्याच पातेल्यात, त्याच सुरीने कापलेलं त्या मुलाला देऊ नकोस. चॉकलेटच्या वेष्टनावरही सुक्या मेव्याचा अंश असू शकतो असं बऱ्याचदा लिहिलेलं असतं, ते वाच. आणि कुरियरमध्ये चॉकलेट नकोच. गाडी उन्हात उभी राहिली की तुझं सगळं टेम्परिंग गेलं.

घरचाचवदार
लसूण आणि हिरवी मिरची घातलेलं तेल करा! छोट्या बाटल्या भरल्या की काम झालं. आम्ही दरवर्षी देतो, ओट्यावर महिनाभर राहतं.

चिमूटभर
कृपया हे कुणी करू नका. लसूण मातीत वाढतो, त्यावर बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेलात बुडाला की हवा नाही, आंबटपणाही नाही, त्यांना हवं तेच मिळतं. विष तयार झालं तरी वास-चव बदलेलच असं नाही. घरी केलंच तर फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवायचं. दुकानातल्यात आम्ल घातलेलं असतं, त्याच्याशी तुलना नको.

घरचाचवदार
इतकी वर्षं खातोय, कुणाला काही झालं नाही.

चिमूटभर
नाही झालं, छानच. पण ज्यांना पाठवणार त्यांनी ते कधी उघडलं, कुठे ठेवलं, हे तुम्हाला कळणार आहे का?

उगाचच
सणाला गोडच का द्यायचं हा मूळ प्रश्न आहे. प्रत्येकाकडे डब्यांची चळत लागलेली असते. मी तर रोपं देतो.

मीठमिरची
रोप खाता येतं का?

उगाचच
पुदिना येतो.

कणकण
धांदलताई, तुमच्यासाठी लिंबाची साखर. लिंबू किंवा संत्र्याची फक्त वरची रंगीत साल बारीक किसणीवर किसा, खालचा पांढरा भाग कडू असतो. दोन वाट्या साखरेला तीन-चार लिंबांची साल. दोन्ही बोटांच्या चिमटीत चोळत राहा. थोड्या वेळात साखर ओलसर लागते, फिकट पिवळी होते आणि खोलीभर वास सुटतो. हे चोळणं टाळू नका, सालीतलं तेल त्यानेच साखरेत उतरतं. मग ताटात पातळ पसरून रात्रभर पंख्याखाली. सकाळी गुठळ्या मोडून, पूर्ण कोरडी झाल्यावरच भरा. असंच मीठही होतं, त्यात वाळवलेली मिरची किंवा मिरपूड घाला. वितळत नाही, फुटत नाही, कुरियरने बिनधास्त जातं. त्या मुलासाठी नवीन पुड्यातली साखर आणि स्वच्छ भांडी घेऊन ही पहिली करा, बदाम नंतर बाहेर काढा. सोललेल्या लिंबांचं सरबत घरच्यांना.

धांदल
हे जमेल! पण ऑफिसवाल्यांना चॉकलेट देईन म्हटलंय. थर्मामीटरशिवाय होतं का? आणि डागवाले तुकडे परत वितळवू का?

रिकामटेकडा
होतं. नवीन, चमक असलेलं चॉकलेट बारीक चिरा. दोन भाग मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या पॉवरवर वितळवा, दर वीस-तीस सेकंदांनी ढवळून. बाहेर काढा, उरलेला तिसरा भाग थोडा थोडा टाकून विरघळेपर्यंत ढवळत राहा. थेंब ओठाला लावा, किंचित गार लागला की झालं. खात्रीसाठी सुरीच्या टोकावर थोडं लावून ठेवा. पाच मिनिटांत चमक राहून घट्ट झालं तर थापायला घ्या, नाहीतर आणखी ढवळा. भांड्यात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, चॉकलेटचा लगेच गोळा होतो. डागवाल्या तुकड्यांत मेवा आहे, ते आता घरी संपवा. गरम दुधात छान लागतात.

मीठमिरची
किंवा कंपाउंड.

हौसमौज
बरण्या जुन्या वापरायच्या तर झाकणाचा मसाल्याचा वास कसा घालवायचा? साखर लगेच वास धरते.

कणकण
झाकण प्लास्टिकचं की पत्र्याचं?

हौसमौज
आत रबर आहे. वास त्यालाच आहे.

कणकण
मग घासत बसू नका, रबराचा वास सहसा जात नाही. नवीन झाकणं घ्या किंवा साखर सरळ जाड पिशवीत सील करून द्या.