उल्वाचे चल बीजाणू अलैंगिक प्रजननात मोडतात का?

प्रश्न (जीवशास्त्र शिक्षिका, दादर)
नमस्कार. अकरावीला शैवालांचे अलैंगिक प्रजनन शिकवताना मी स्पायरोगायराचे खंडीभवन (तंतू तुटून होणारी वाढ) आणि युलोथ्रिक्सचे चल (पोहणारे) बीजाणू ही उदाहरणे देते. पावसाळ्यानंतर वांद्र्याच्या खडकांवर ओहोटीला दिसणारे हिरवेगार, पातळ पानासारखे उल्वा मुलांच्या ओळखीचे असल्याने तेही घ्यावे, असे वाटले. परंतु एका संदर्भपुस्तकात त्याचे चल बीजाणू अलैंगिक प्रजननाखाली दिले आहेत, तर दुसऱ्यात ते अर्धगुणसूत्री विभाजनातून (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनातून) तयार होतात, असे म्हटले आहे. वर्गात यांपैकी काय सांगावे?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, वनस्पतिशास्त्र, विलेपार्ले)
मॅडम, दोन्ही पुस्तके खरे तेच सांगतात. अडचण वर्गीकरणाच्या मथळ्याची आहे. युलोथ्रिक्सच्या तंतूतील पेशीचा जीवद्रव्य सूत्री विभाजनाने (गुणसूत्रांची संख्या तीच ठेवणाऱ्या विभाजनाने) विभागला जातो आणि त्यातून बाहेर पडणारे बीजाणू आनुवंशिकदृष्ट्या मूळ तंतूसारखेच असतात. क्लोरेलामध्येही तसेच होते, फक्त तेथे कशाभिका (पोहण्यासाठीचे शेपटीसारखे धागे) नसतात आणि पिल्लू पेशी जनकपेशीच्या भित्तिकेच्या आत तयार होऊन ती फाटल्यावर सुट्या होतात. स्पायरोगायरात तर कशाभिका असलेली अवस्था मुळीच नसते, म्हणून तंतू तुटणे हा त्याचा मुख्य अलैंगिक मार्ग.

उल्वाची गोष्ट वेगळी आहे. त्याची दोन रूपे दिसायला सारखीच असतात: द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेले) रूप अर्धगुणसूत्री विभाजनाने चार कशाभिकांचे बीजाणू सोडते आणि त्यांतून एकगुणित (एकच संच असलेले) रूप वाढते, हे एकगुणित रूप दोन कशाभिकांचे युग्मक (लिंगपेशी) सोडते आणि युग्मकांच्या मीलनातून पुन्हा द्विगुणित रूप येते. बीजाणू जोडीदारावाचून रुजतो, एवढ्यावरून जुनी पुस्तके त्याला अलैंगिक म्हणतात. माझ्या मते हे मुलांसाठी दिशाभूल करणारे आहे, कारण त्या बीजाणूंमध्ये गुणसूत्रांची नवी सरमिसळ झालेली असते आणि तो लैंगिक जीवनचक्राचाच एक टप्पा असतो. उल्वाचे निखळ अलैंगिक प्रजनन शिकवायचे तर तुटलेल्या तुकड्यांपासून होणारी वाढ सांगावी.

उत्तर (संशोधक विद्यार्थिनी, मुलुंड)
सरांच्या म्हणण्यात एक भर घालावीशी वाटते. उल्वाच्या युग्मकाला जोडीदार मिळाला नाही, तरी तो एकटा वाढून नवे शैवाल देऊ शकतो. म्हणजे ज्याला आपण युग्मक म्हणतो, त्याच्याकडून अलैंगिक पुनरुत्पादन होते आणि ज्याला बीजाणू म्हणतो, तो अर्धगुणसूत्री विभाजनातून आलेला असतो. म्हणून पेशीचे नाव किंवा तिचे पोहणे यांवरून निर्णय न घेता ती कोणत्या विभाजनातून आली आणि पुढे मीलन झाले का, हे दोन प्रश्न मुलांना विचारायला शिकवावे.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. ही दोन रूपे वर्गात ओळखता येतील का?

उत्तर (संशोधक विद्यार्थिनी, मुलुंड)
नुसत्या डोळ्यांनी नाही, पण पेशी बाहेर पडल्यावर ओळखता येतात. पक्व झालेल्या उल्वाची कड पिवळसर होते. असा तुकडा समुद्राच्या स्वच्छ पाण्यात उथळ काचपात्रात ठेवून पात्रावर एकाच बाजूने प्रकाश पडू द्यावा. युग्मक प्रकाशाकडे जमतात, तर चार कशाभिकांचे बीजाणू प्रकाशापासून दूर जातात. त्यानंतर आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली कशाभिका मोजाव्यात. नळाचे पाणी मात्र वापरू नये, त्यात पेशी फुगून फुटतात.