साप चावून शॉकमध्ये गेलेल्या रुग्णाला नॉरॲडची (नॉरॲड्रेनॅलिन, बीपी वर ठेवणारं औषध) लाइन वेगळीच हवी, की दोन इंट्राकॅथमध्ये (शिरेत बसवलेल्या बारीक नळ्या) भागवायचं?

भूलतज्ज्ञ_रत्नागिरी: माझं म्हणणं असं, की नॉरॲड चालू असलेल्या इंट्राकॅथमधून दुसरं काहीही देऊ नये. फ्लशसुद्धा (नळी धुवायला ढकललेलं सलाईन) नाही. हिशोब बघा. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ४ मिग्रॅ, म्हणजे १ मिलीत ८० मायक्रोग्रॅम. सिरिंज ढकलणारा पंप ताशी ६ मिलीवर असेल तर मिनिटाला ८ मायक्रोग्रॅम जातात. थ्री-वेपासून (तीन तोंडांची तोटी) शिरेपर्यंतच्या नळीत १ मिली मावतं असं धरा. तिथे कोणी पॅन्टॉप (ॲसिडिटीचं इंजेक्शन) ढकललं की १० मिनिटांचा डोस एका दमात आत जातो, बीपी उसळतो. मग नळीत पॅन्टॉपच भरलेलं असतं, म्हणून पुढची १० मिनिटं नॉरॲड पोचतच नाही आणि बीपी पडतो. कारण न कळता रेट वाढवला जातो, तो वाढीव डोस पोचला की बीपी पुन्हा वर.

सिस्टर_सिंधुदुर्ग: सर, हिशोब पटला, नियम नाही पटला. शॉकमधल्या माणसाला दोन इंट्राकॅथ लागले तरी खूप झालं. सेंट्रल लाइन (मानेतल्या मोठ्या शिरेतली नळी) म्हणाल, तर फुरसं चावलेल्याचं रक्त गोठत नसतं, मानेत सुई कोण घालणार? नॉरॲडसोबत एनएस (साधं सलाईन) एकाच थ्री-वेवर चालू द्या, पण रेट बदलायचा नाही. ढकलायची इंजेक्शनं सगळी दुसऱ्या हाताला. लेबल दोन ठिकाणी हवंच: सिरिंजवर आणि इंट्राकॅथच्या तोंडाशी.

आयसीयू_ब्रदर_चिपळूण: एनएस हातचाकीवर (सेटवरचं थेंब कमीजास्त करायचं चाक) असेल तर मी सिस्टरांच्या विरोधात आहे. रुग्णाने कोपर वाकवलं, बाटली खालीवर झाली, की थेंब बदलतात आणि नळीतलं नॉरॲडही तसंच कमीजास्त ढकललं जातं. त्याहून वाईट म्हणजे इंट्राकॅथ तुंबला तर पंप थांबत नाही. नॉरॲड उलटं एनएसच्या सेटमध्ये (बाटलीच्या नळीत) चढतं, पंपाचा अलार्मही वाजत नाही. तुंबलेलं मोकळं झालं की साठलेलं सगळं आत. एनएसच्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (उलटं वाहू न देणारी झडप) लावा, किंवा एनएसही पंपावर घ्या.

सिस्टर_सिंधुदुर्ग: व्हॉल्व्हचं मान्य. दुसरा पंप प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कुठला? आणि दुसऱ्या हाताकडेही बघा. आरएल (रिंगर लॅक्टेट, दुसरं एक सलाईन) चालू असताना त्यातच सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक सोडतात. आरएलमधल्या कॅल्शियमने त्याचा साका होतो. एएसव्हीची (सापाच्या विषावरचं औषध) रिॲक्शन आली की बाटली बंद करतात, पण सेटमध्ये १५-२० मिली एएसव्ही उरलेलं असतं. त्याच सेटला एनएस जोडून जोरात सोडलं तर तेच आधी शिरेत जातं. सेट बदलायलाच हवा.

भूलतज्ज्ञ_रत्नागिरी: बरोबर. ठरावीक रेटचा एनएस पंपावर किंवा व्हॉल्व्हसह असेल तर माझी हरकत नाही. हातचाकीवर उघडा एनएस आणि ढकललेलं इंजेक्शन, याला मात्र विरोध कायम. बांबोळीला (गोव्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात) पाठवताना तर गाडीत चढवण्याआधी प्रत्येक नळी बाटलीपासून शिरेपर्यंत बोटाने चाचपा आणि नॉरॲडचं थ्री-वेचं मोकळं तोंड टोपण लावून वर चिकटपट्टी मारा. अंधारात, हलत्या गाडीत हाताशी येणारं तोंड नेमकं तेच असतं.