अनुभव धागा : दगडावर गाडी, मागच्या सीटवर घरदार

संत्रानगरी (धागाकर्ता):
पावसाळा सरला की काटोल रोडच्या बाजूला एका बंद गिट्टी खदानीत आमचा ग्रुप जातो, मालकाला रीतसर विचारून. थार, जिम्नी, एक म्हातारी जिप्सी अन् सोबत बायकापोरं, साळे-मेव्हणे, डबे. चिखलात गाडी काढणं वेगळं अन् दगडावर चढवणं वेगळं. चिखलात जोर लागतो, दगडावर जोर केला की काहीतरी तुटतेच. फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर-जोड), पहिला गिअर, अन् माणूस चालते त्याहून हळू. ज्यानं चालवली त्यानं लिहा, ज्यानं बाहेरून हात दाखवले त्यानं लिहा, जे मागं बसून देवाचं नाव घेत होते त्यांनी तर नक्कीच लिहा. जंगलाच्या हद्दीत, पेंचच्या बाजूला वगैरे गाड्या घुसवणाऱ्यांचे किस्से इथं नकोत.

मागची_सीट:
मग मीच सुरू करते. गाडी एका बाजूला कलली ना की एका खिडकीतून नुसतं आभाळ अन् दुसरीतून नुसता दगड. आमचे हे म्हणतात "काही नाही होत", अरे पण स्टिअरिंग तुमच्या हातात आहे, मागच्याला कुठं माहीत आता चाक उचलणार का उतरणार. दुसऱ्या चढाला मी पोरीला घेऊन सरळ खाली उतरली अन् बाजूनं पायी चढली, अन् खरं सांगते, बाहेरून पाह्यलं तेव्हाच कळलं का चाललंय काय, टायर अक्षरशः दगडाला चिकटून वर जाते. तर बायांनो, अवघड जागी उतरून जा, कोणी भित्री म्हटलं तर म्हणू दे. अन् डबे बांधून ठेवा. आमच्या सीटला अजून तर्रीचा वास येऊन राहिला.

खामला_कट्टा:
टायरबद्दल कोणी बोललंच नाही. नागपूरच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट अन् पूर्वेकडं, रामटेक साइडला वेगळाच जुना खडक, शहर बरोबर मधात बसलंय. खदानीतला फोडलेला बेसाल्ट म्हणजे धार असते त्याला, टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, चिरून टाकते. रोडवर हवा ३० च्या आसपास असते, आम्ही तिथं १८-२० पीएसआय ठेवतो म्हणजे टायर पसरते अन् पकड येते. फार कमी केली तर टायर रिमवरून निसटते हेही ध्यानात ठेवा. अन् परत भरायला पंप सोबत पाहिजेच, नाहीतर खदानीतून शहरापर्यंत तसेच जाल का?

जिप्सीवाला_काका:
आमची गाडी त्यातली आहे जी १९८५ ला पहिल्यांदा आली. पुढं-मागं सलग अ‍ॅक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा), कमानी, बाकी काही नाही. पुढचं एक अन् तिरप्यात मागचं एक चाक हवेत गेलं की तेच दोन फिरतात, बाकीचे उभेच. पोरं म्हणतात रेस द्या काका, रेस द्या. रेस देऊन हवेतले चाकंच फिरतात बे! थोडं ब्रेक दाबून ठेवावं, म्हणजे हवेतलं चाक अडते अन् ताकद दुसऱ्याले जाते, जमलं तर जमलं, नाहीतर मागं घेऊन दुसरी लाइन पकडावी. नवीन थारच्या काही मॉडेलमधी मागं डिफ-लॉक (दोन्ही चाकं सोबतच फिरवणारी कडी) येते, जिम्नी ब्रेकचं काम स्वतःच करते, तरी माझी चढली. आमचे वडील हे पाहून म्हणाले, बंडीचे बैल असेच पाय टाकतात, फक्त त्यांना हात दाखवायला माणूस लागत नाही.

दिशादर्शक:
तो हात दाखवणारा माणूस मीच. लोकांना वाटते गाडी ड्रायव्हर चढवते. ड्रायव्हरला बोनेटसमोरचा दगड दिसतच नाही हो, तो माझ्या हातावर चालते. पण आपल्याकडं अख्खं खानदान स्पॉटर, म्हणजे हात दाखवणारं, असते, मामा म्हणते डावीकडं, मेव्हणा म्हणते उजवीकडं, आत्या म्हणते राहू द्या आता जेवून घ्या. म्हणून आमचा नियम, एकच जण बोलेल. डावं-उजवं म्हणायचंच नाही, ड्रायव्हर साइड अन् क्लीनर साइड म्हणायचं. मूठ वर झाली की थांब म्हणजे थांब. मोठा दगड पोटाखाली घ्यायचा नाही, चाक त्याच्यावर ठेवायचं, कारण डिफचा गोळा (अ‍ॅक्सलच्या मधातला, चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) सगळ्यात खाली लटकते. अन् मी कधीच गाडी अन् दगडाच्या मधात उभा राहत नाही, उताराकडून तर नाहीच नाही.

हळूबाई:
दोरीचं मी लिहिते. गाडी अडकली की कोणीतरी हौशी टो-बॉलला, म्हणजे मागं ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, दोर बांधायला धावतेच. तो गोळा तुटला तर गोळीसारखा सुटतो, चेसिसला जे ओढायचे हुक असतात तेच वापरा. आमच्याकडं दोर ताणला की सगळ्यांना लांब पिटाळायचं काम माझ्या सासूबाईंकडं. त्यांचं सगळे ऐकतात, नवऱ्याचं कोणी ऐकत नाही.

बारावी_पास_होईन:
मला लायसन्स नाही म्हणून पंप, हवा अन् रोडग्यांसाठी गोवऱ्या पेटवणं माझ्याकडं. मस्त आहे, पण मे महिन्यात ठेवू नका प्लीज, ४५ च्या वर जाते तेव्हा दगडाला हात लावता येत नाही अन् खाली बसून टायर मलाच पाहायचं असते.

संत्रानगरी:
ठरलं, थंडीतच. वांग्याची भाजी कोण आणते ते खाली लिहा, मागच्या वेळी तीन घरून आली अन् वरण कोणीच नाही आणलं.