विषय: मुंबई–न्यूयॉर्क, आईला घेऊन: थेट की मध्ये थांबा?

नमस्कार मंडळी,
सध्या गिरगावात आहे. मार्चअखेर आईला घेऊन न्यूयॉर्कला परतायचंय. थेट विमान महाग आहे, शिवाय सलग पंधरा-सोळा तास तिला बसवेल का, ही धास्ती. दुबई किंवा लंडनमार्गे गेलो तर केवढा वळसा पडतो? शेजारी म्हणतात, पृथ्वीप्रदक्षिणाच होईल.
— मंदार

मंदार,
शेजाऱ्यांना भिंतीवरचा नकाशा सोडून पृथ्वीचा गोल बघायला सांग. मुंबई-न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,500 किमी. मुंबई-दुबई 1,900, दुबई-न्यूयॉर्क 11,000. म्हणजे वळसा जेमतेम चारशेचा, अर्ध्या तासाचं उड्डाण. लंडनमार्गे तर त्याहून कमी: 7,200 अधिक 5,550.

गोलावर दोरा ताणलास तर तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशियावरून जवळजवळ 65 अंश उत्तरेपर्यंत चढतो. थेट विमान तरी त्या दोऱ्यावरून कुठे जातं? एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, अमेरिकन कंपन्यांना रशियाची 2022 पासून बंद. मग अरबी समुद्रावरूनच निघायचं. त्यात जाताना उंचावरचा पश्चिमेचा वारा समोरून येतो. परतताना तोच पाठीशी असतो, म्हणून मुंबईला येताना तास-दीड तास वाचतो.
— श्रीकांतकाका, पार्ले

काका, हिशोब चोख! पण किलोमीटर गुडघ्यांना कळत नाहीत हो.

मंदार, थांब्याला जातो तो वेळ अंतराचा नाहीच. उतरा, पुन्हा सिक्युरिटी, दुसरं गेट शोधा, बसा. थांबा घ्यायचाच तर अबूधाबीचा बघ. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, न्यूयॉर्कला उतरून बॅगा घेतल्या की बाहेर. सोळा तासांच्या प्रवासानंतर आईला त्या रांगेत उभं करायला नको. मात्र हे सगळं अबूधाबीलाच होणार, तेव्हा थांबा तीन तासांहून कमी नको. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेव, दोन्ही विमानांसाठी.

आणि तिकिटावरच्या वेळा वजा करून प्रवास मोजू नकोस. रात्री दीडला निघून सकाळी साडेसातला पोचलं म्हणजे सहा तास नव्हेत, त्यात साडेनऊ मिळव. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे जातात, त्याआधी गेलास तर साडेदहा.
— अनघा, दादर (एप्रिलपर्यंत)

अनघाताई, अबूधाबीचंच बघतो. काका, वाऱ्याचं आईला सांगितलं, तर म्हणाली, मग येतानाचं तिकीट स्वस्त का नाही?

तिचा एक प्रश्न: मेतकूट आणि भाजणी हातातल्या बॅगेत चालेल का?
— मंदार

अमेरिकेच्या विमानात 350 मिलीहून जास्त पूड हातात असली की बाजूला घेऊन तपासतात, कधी टाकूनही द्यायला लावतात. सरळ मोठ्या बॅगेत भर.
— अनघा