पिंजऱ्यातले बजरीगर आणि गॅलरीतले बुलबुल: दोघांना एकत्र कसे सांभाळावे?

तिसरा_मजला_कोथरूड

नमस्कार. आम्ही कोथरूडमध्ये, वेताळ टेकडीच्या उताराला लागून असलेल्या एका सोसायटीत राहतो. दीड वर्षापूर्वी मुलीच्या हट्टामुळे घरात बजरीगरांची, म्हणजे छोट्या पोपटांची, एक जोडी आली. दुकानदाराने ती ‘लव्हबर्ड’ म्हणून दिली होती आणि आम्हीही बरेच दिवस तेच नाव वापरत होतो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि आमचे पाहुणे मूळचे ऑस्ट्रेलियातले, हे नंतर कळले. नर हिरवा आहे, मादी निळी. पिंजरा सकाळी सात ते नऊ गॅलरीत असतो आणि ऊन चढले की आत येतो.

मला स्वतःला पक्ष्यांचे वेड कधीच नव्हते. मात्र चहा घेताना पिंजऱ्यासमोर बसण्याची सवय लागली आणि त्यातून एक गोष्ट लक्षात आली. नर अधूनमधून मान तिरकी करून एकाच डोळ्याने आकाशाकडे पाहतो, आणि त्या दिशेला पाहिले की तिथे हमखास काहीतरी असते. सुरुवातीला ती बहुतेक वेळा घार असे. आता घारीकडे तो लक्षही देत नाही. परंतु एखाद्या सकाळी दोघेही अंग आवळून, पिसे चापून, दांडीवर लाकडासारखे स्तब्ध बसतात, आणि तेव्हा समोरच्या शिरीषावर शिक्रा हा शिकारी पक्षी येऊन बसलेला असतो. त्यांच्या नजरेमागे माझी नजर जाऊ लागली आणि वर्षभरात या गॅलरीतून ३१ जातींची नोंद माझ्या वहीत झाली. तांबट, दयाळ, शिंजीर, चष्मेवाला, धनेश हे सगळे आधीपासून इथेच होते, पण मला दिसत नव्हते.

आता अडचणी सांगतो. चिमण्यांसाठी कठड्यावर राळे टाकायला लागलो, तर चिमण्या चार आणि पारवे चाळीस, अशी स्थिती झाली. गेल्या आठवड्यात शिक्रा थेट पिंजऱ्यावर आदळला. इजा झाली नाही, पण मादी दिवसभर काही खात नव्हती. त्यातच पिंजऱ्यापासून चार फुटांवर टांगलेल्या कुंडीत लाल बुडाच्या बुलबुलाने घरटे केले असून त्यात तीन अंडी आहेत. पिंजरा तिथेच ठेवावा, की गॅलरीत आणणेच बंद करावे? शिवाय सासरे सध्या आमच्याकडे राहायला आले आहेत आणि ‘हे परदेशी पक्षी कशाला, बोलणारा राघू आणा’ असे त्यांचे रोजचे म्हणणे आहे. त्यांना काय सांगावे?

निवृत्त_शिक्षिका_औंध

आपण वर्णन केलेला अनुभव वाचून आनंद झाला, कारण गेल्या बारा वर्षांत माझेही असेच झाले आहे. बजरीगर मोकळ्या माळावर थव्याने राहणारा पक्षी आहे; वरून झडप घालणाऱ्या शत्रूवर लक्ष ठेवणे हे पिंजऱ्यात जन्मलेल्या पिढ्यांच्या अंगातूनही गेलेले नाही. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे वर पाहताना त्याला मान तिरकी करावी लागते, आणि हीच खूण बाहेरच्या पक्ष्यांमध्येही ओळखता येते. कठड्यावरचा बुलबुल अशी मान करून थबकला, की खारीची किरकिर आणि सातभाईंचा कलकलाट मागोमाग ऐकू येतोच.

सर्वात आधी बुलबुलाच्या घरट्याविषयी. बुलबुल साधारण दोन आठवडे अंडी उबवतो आणि पुढे जेमतेम तेवढ्याच काळात पिल्ले घरट्याबाहेर पडतात. म्हणजे प्रश्न महिनाभराचा आहे. पिंजरा एकदम हलवण्यापेक्षा रोज थोडा थोडा दूर नेत गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा आणि त्याची घरट्याकडची बाजू सुती कापडाने झाकावी. कुंडीला पाणी द्यायचे ते आई चरायला गेली असताना, कडेने आणि थोडे द्यावे. छायाचित्रासाठी फांद्या बाजूला करू नयेत. घरटे उघडे पडले की कावळ्याला आणि भारद्वाजाला ते दिसायला वेळ लागत नाही. पिल्ले नीट उडता येण्याआधीच खाली उतरतात आणि आईबाप त्यांना तिथेच भरवतात. त्या दोन-तीन दिवसांत ‘पिल्लू पडले’ म्हणून ते उचलून खोक्यात घालणारे शेजारी हाच मोठा धोका असतो, आणि हे मी स्वतःच्या सोसायटीत तीनदा पाहिले आहे. पिल्लू खरोखर जखमी असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

शिक्र्याबाबत मात्र सावध राहायला हवे. तो गजांमधून पंजा आत घालतो, आणि घाबरलेला बजरीगर पिंजऱ्यात सैरावैरा आपटून स्वतःलाच इजा करून घेतो. तरीही गॅलरी पूर्णपणे बंद करावी असे मी म्हणणार नाही, कारण ‘ड’ जीवनसत्त्वासाठी त्यांना कोवळे ऊन थेट अंगावर हवे असते आणि खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग होत नाही. पिंजऱ्याचे छत आणि मागची बाजू फळीने किंवा जाड कापडाने झाकावी, म्हणजे त्यांना लपायला जागा राहते. समोरून गजांपासून सहा इंच अंतरावर बारीक जाळी लावावी. आणि घरातले कोणीतरी तिथे बसलेले असल्याशिवाय पिंजरा बाहेर ठेवू नये. आपला चहा हीच राखण आहे असे समजा. सध्या मे महिना आहे, तेव्हा पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी ठेवलेली दिसली की घड्याळ न पाहता पिंजरा आत घ्यावा.

आपण विचारले नाही, तरी दोन गोष्टी सांगते. पिंजऱ्यात दुकानदाराने दिलेले मडके टांगलेले असेल, तर ते काढून टाकावे. मडके दिसले की मादीला वीण सुरू करण्याची इच्छा होते, ती पुन्हा पुन्हा अंडी घालते, त्यात शरीरातले कॅल्शियम खर्च होते आणि अंडे अडकून मादी दगावू शकते. माझी पहिली मादी अशीच गेली, आणि त्या वेळी मी मडक्याला कौतुकाने लोकर बांधली होती. दुसरी गोष्ट, नुसत्या राळ्यांवर त्यांचे पोषण होत नाही. रोज थोडी कोथिंबीर, पालक, किसलेले गाजर द्यावे आणि पिंजऱ्यात समुद्रफेस अडकवावा. नॉनस्टिक तवा फार तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्यांच्या फुप्फुसांना काही मिनिटांत मारक ठरतो, म्हणून स्वयंपाकघराशेजारी पिंजरा नसावा.

पाणवठा

दाणे बंद करा आणि पाणी ठेवा, एवढेच माझे सांगणे आहे. कठड्यावर टाकलेल्या धान्याचा फायदा पारव्यांनाच होतो. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची भुकटी श्वासातून सतत जात राहिली तर माणसाच्या फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते, आणि मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ साली जो वाद पेटला त्याच्या मुळाशी हेच कारण होते. शिवाय बाहेरच्या पक्ष्यांची विष्ठा पिंजऱ्यात किंवा पाण्याच्या वाटीत पडली, तर आपल्या जोडीलाही आजार होऊ शकतो. पिंजऱ्याखाली सांडलेले राळे रोज झाडून घ्यावेत, कारण पारव्याला आमंत्रण म्हणून तेवढेही पुरते. मातीचे पसरट, दोन इंचांहून अधिक खोल नसलेले भांडे पिंजऱ्यापासून दूर ठेवावे, पाणी रोज बदलावे आणि भांडे घासावे. पारवे त्यावरही येतील, परंतु खायला काही नसल्यामुळे मुक्काम करणार नाहीत. चिमण्यांसाठी सव्वा इंच व्यासाचे भोक असलेली लाकडी पेटी भिंतीवर, सावलीत लावून पाहा. जास्वंद आणि हमेलिया यांची एकेक कुंडी ठेवली, तर शिंजीर दाण्यांशिवायही दिवसातून दहा वेळा येईल.

सदाशिव_पेठेतला_जुना

सासऱ्यांच्या राघूविषयी लिहितो, कारण त्यांचे मन मला कळते. आमच्या वाड्यात ओसरीवर मिठूचा पिंजरा होता. आजी त्याला रोज हिरवी मिरची आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ देत असे, आणि तो दारात आलेल्या प्रत्येकाला ‘कोण आहे’ असे विचारत असे. त्या काळी अनेक वाड्यांत असा एक मिठू असायचा आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. त्यामुळे आपल्या सासऱ्यांना एकदम कायदा ऐकवला, तर त्यांना ते आपल्या बालपणावर केलेल्या आरोपासारखे वाटेल.

तरीही कायदा स्पष्ट आहे. भारतात नैसर्गिकरीत्या आढळणारे राघू, पहाडी पोपट, तोईपोपट, मुनिया, डोंगरी मैना यांना पकडणे, विकणे आणि घरात बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ‘हा पाळीव पिढीतला आहे’ असे विक्रेता सांगतो, परंतु ही पिल्ले प्रामुख्याने झाडांच्या ढोल्यांमधून काढून आणलेली असतात आणि वाटेत त्यांतली बरीच मरतात. मी स्वतः कॉलेजात असताना रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून लाल-हिरव्या मुनियांची जोडी घेतली होती. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात अंघोळ करून बसल्या, तेव्हा वाटीत रंग उतरलेला होता आणि दांडीवर दोन साध्या तपकिरी मुनिया होत्या. आपण फसवले गेलो याचा राग आधी आला; त्या पक्ष्यांचे काय झाले असेल, हा विचार सुचायला मात्र दोन दिवस लागले.

आपल्या बजरीगरांविषयी काळजी नसावी. परदेशी पक्ष्यांपैकी ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असलेल्या जातींची नोंदणी २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. आफ्रिकन ग्रे पोपट त्यात येतो, बजरीगर आणि कॉकेटियल येत नाहीत. आणि कोणी भावनेच्या भरात ‘त्यांना सोडून द्या’ असे सुचवले, तर ऐकू नये. पिंजऱ्यात वाढलेल्या निळ्या मादीला बाहेर अन्न शोधता येणार नाही, आणि तो रंग पाहून कावळे तिचा पाठलाग करतील.

सासऱ्यांना संध्याकाळी गॅलरीत बसवावे. मावळतीला राघूंचे थवे ओरडत रातथाऱ्याकडे जातात, ते रोज मोजून आपल्या वहीत लिहिण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. बोलणारा राघूच हवा असेल, तर आपला हिरवा नर काही अंशी ती हौस भागवू शकेल. बजरीगराचे नर शब्द शिकतात, फक्त त्यांचा आवाज बारीक आणि घाईचा असल्यामुळे कान लावून ऐकावे लागते.

तिसरा_मजला_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. ताई, मडके होतेच. ते आजच काढले. पिंजरा रोज वीतभर सरकवत आहे आणि बुलबुलाची मादी घरट्यावरून उठलेली नाही. राळे टाकणे चार दिवसांपासून बंद आहे. पारवे अजून सकाळी येऊन कठड्यावर रांगेने बसतात आणि माझ्याकडे पाहतात, पण संख्या घटली आहे.

सासऱ्यांनी पहिल्या संध्याकाळी ४६ राघू मोजले, दुसऱ्या दिवशी ५२. काल मी ऑफिसमधून उशिरा आलो, तर ‘आज तुमच्यामुळे एक थवा चुकला’ असे ऐकून घ्यावे लागले, कारण त्यांचा चष्मा मी गाडीत विसरलो होतो. आता त्यांना दुर्बीण हवी आहे. कोणती घ्यावी, हे कृपया सुचवावे.

आणखी एक ओळख पटवून हवी आहे. खालच्या तुतीच्या झुडपात चिमणीहून लहान, पाठीने राखाडी आणि पोटाने फिकट तांबूस असा एक पक्षी असतो. शेपटी लांब असून तो ती सतत उभारतो. मी त्याला शिंपी समजत होतो. परंतु एका झुडपातून दुसऱ्यात उडताना त्याच्याकडून चुटक्या वाजवल्यासारखा ‘चट चट’ आवाज येतो, आणि तो कशाचा हे कळत नाही.

निवृत्त_शिक्षिका_औंध

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्यावी. दहापट मोठे दाखवणारी घेण्याचा मोह होतो, पण उतारवयात हात थोडा कापतो आणि जास्त मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीत तो कंपही मोठा होऊन दिसतो. दुकानात जाताना सासऱ्यांना बरोबर न्यावे आणि चष्मा घालून पाहायला सांगावे. चष्म्यासह पूर्ण गोल दिसत नसेल, तर ती दुर्बीण त्यांच्या उपयोगाची नाही.

आपला पक्षी राखी वटवट्या आहे. शिंप्याचा माथा तांबूस आणि पाठ हिरवट असते. याची पाठ आपण म्हणता तशी राखाडी. तो ‘चट चट’ आवाज गळ्यातला नसून उडतानाचा आहे, आणि एवढ्या एका खुणेवरून डोळे मिटूनही त्याला ओळखता येते. तुतीची दोन-तीन मोठी पाने एकमेकांना शिवल्यासारखी दिसली, तर ते त्याचे घरटे असू शकते, तेव्हा माळ्याला ती फांदी या पावसाळ्यात छाटू देऊ नका.