लक्षद्वीपमध्ये सोसायटी का टिकली
एवढ्याशा वस्तीत सहकारी सोसायटी तग धरत नाही, त्यापेक्षा खाजगी व्यापारी बरा, असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. लक्षद्वीप बघा. २०११ च्या जनगणनेत जेमतेम ६४ हजार माणसं, वस्तीची बेटं दहा, तरी १९६२ पासून तिथे सहकार रुजत गेला. बेटावरचं खोबरं गोळा करून केरळच्या बाजारात पाठवायचं आणि तिकडून आलेला तांदूळ रेशनवर वाटायचा, ही दोन्ही कामं सोसायटीच करते. विक्रीचं फेडरेशनही, म्हणजे या सोसायट्यांचा संघ, केरळातल्या कोळिकोडला, म्हणजे बाजार आहे तिथेच.

पावसाळ्याचा मुद्दा मात्र असं म्हणणारे विसरतात. मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो, लहान जहाजं बंद. धान्य आधीच भरून ठेवावं लागतं. एकट्या दुकानदाराला इतके महिने एवढा पैसा अडकवणं झेपत नाही, आणि ज्याला झेपेल तो मनाला येईल तो भाव लावणार. या बेटांनी ते पिढ्यान् पिढ्या भोगलंय: काथ्यावर राज्यकर्त्यांची मक्तेदारी, बदल्यात तांदूळ, आणि दर त्यांनीच ठरवलेला. सोसायटीत निदान सभासदाला सभेत उभं राहून हिशेब तरी मागता येतो.