प्रतिपालनात आलेली मुलं: ठाणे–नवी मुंबईतल्या ख्रिस्ती घरांचे अनुभव

जय ख्रिस्त. आमच्या ठाण्याच्या मंडळीत तीन घरांनी मुलं सांभाळायला घेतली आहेत. उपासनेनंतर चहाला प्रत्येकाला एकच प्रश्न येतो, "दत्तक घेतलंत?" नाही. दत्तक मूल कायमचं आपलं होतं. प्रतिपालनातलं, म्हणजे फॉस्टर केअरमधलं मूल त्याच्या आईबापांचंच राहतं, त्यांची अडचण आहे तोवर आपण सांभाळायचं. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ४४ नुसार बाल कल्याण समिती मूल सोपवते आणि दर महिन्याला तपासणीही करते. दत्तकाचं म्हणाल तर १९५६ चा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता होता. त्यामुळे आपली वडीलधारी माणसं १८९० च्या कायद्याने नुसते 'पालक' होत, आणि वाढवलेलं मूल कागदावर कधी मुलगा-मुलगी होत नसे.

ज्यांनी मूल सांभाळलंय त्यांनी जसं घडलं तसं लिहा. मुलांची नावं, शाळा, फोटो मात्र अजिबात नकोत. कायद्यानेच मनाई आहे.

वर्तकनगरहून

आमच्याकडे भाऊ-बहीण आले. तो नऊ वर्षांचा, ती सहाची. भावंडांची शक्यतो ताटातूट करायची नाही, म्हणून दोघं एकत्र. पहिल्या आठवड्यात त्याच्या उशीखाली चपात्या सापडल्या. मुंग्या झाल्या तेव्हा कळलं. मी रागावले, तर चपाती मुठीत गच्च धरून तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तो चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो. शेवटी सासूबाईंनी झाकणाचा डबा आणला, दोन चपात्या आणि गूळ घालून त्याच्या उशाशी ठेवला. "हा तुझा. कोणी हात लावणार नाही." रोज रात्री डबा भरायचा. तिसऱ्या महिन्यात तोच म्हणाला, "आजी, आज नको. भूक लागली तर उठवीन तुला."

जेवणाआधी आम्ही प्रार्थना करतो. पहिल्या दिवशी आमचं 'आमेन' झालं आणि धाकटीने डोळे मिटून शाळेत शिकलेला श्लोक सुरू केला. हे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले, श्लोक संपेपर्यंत. तेव्हापासून आधी आमची प्रार्थना, मग तिचा श्लोक, मग भात. रविवारी दोघांना चर्चला न्यावंच लागे, घरी एकटं कसं ठेवणार? पण संडे स्कूलला बसायचं की बाहेर खेळायचं, ते त्यांनी ठरवायचं. गणपतीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकू त्यांना आरतीला न्यायच्या.

एका भगिनींनी अगदी मायेने विचारलं, "बाप्तिस्मा कधी?" मी म्हटलं, त्यांची आई आहे. ती भेटायला येते, लेकीची वेणी घालते. तिची मुलं तिला तिचीच म्हणून परत द्यायची आहेत. जेवू घातलं म्हणून मुलाचा देव मागायचा नसतो. प्रभू येशूने लहानांना जवळ घेतलं ते अट घालून नव्हे, हे मी याच दोघांमुळे नीट समजले.

नेरूळहून, बारावीतली मुलगी

मी त्या घरची सख्खी मुलगी. माझी खोली अर्धी झाली तेव्हा मला कोणीच विचारलं नव्हतं. आईबाबांनो, कृपा करून आधी घरातल्या मुलांशी बोला. सांभाळायला घेतलेली मुलगी आली तेव्हा मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही, याचं आजही वाईट वाटतं. आता तिला गणित मीच शिकवते.

ऐरोलीहून, निवृत्त शिक्षक

कागदपत्रांबद्दल थोडक्यात: घरी चौकशीला येतात, वैद्यकीय तपासणी आणि पोलिसांची पडताळणी होते. त्याला वेळ लागतो, लागू द्या.

खरं अवघड पुढे असतं. आमचा मुलगा (हो, 'आमचा'च म्हणतो) अकरा महिन्यांनी त्याच्या आईकडे गेला. ती आजारातून उठली होती, याच दिवसासाठी आम्ही रोज प्रार्थना केली होती. तरीही त्याची शर्टं घडी करताना पत्नीला उभं राहवेना. समाजसेविकेने आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की निरोप चोरून द्यायचा नाही. म्हणून महिनाभर भिंतीवर कॅलेंडर लावून तो रोज एक दिवस खोडत होता. फोटोंचा एक अल्बम केला, त्यात पहिला फोटो त्याच्या आईचा. आता ठाणे-वाशी लोकलमध्ये त्याच्या वयाचं पोर दिसलं की पत्नी माझा हात धरते. पुन्हा मूल घ्याल का, असं विचारतात. अर्ज दिला आहे.

कळव्याहून, वय २४

मी त्या दुसऱ्या बाजूचा. बारा ते अठरा अशा घरात वाढलो. दोनच गोष्टी सांगतो. पाहुण्यांसमोर 'बिचारा' म्हणू नका. आणि शाळेच्या फॉर्मवर आमच्या अंकलनी वडिलांच्या रकान्यात माझ्या वडिलांचंच नाव लिहिलं, संपर्कासाठी स्वतःचा मोबाइल नंबर दिला. नाताळला घरचा फोटो काढायच्या वेळी मी बाजूला सरकलो, तर आंटी नुसतं "उंच मुलं मागे" म्हणाल्या आणि मला मागच्या रांगेत उभं केलं.